आमच्या पतपेढीच्या संचालकांना: वसुली शंभर टक्के आहे, पण ती येते कुठून?

अध्यक्ष साहेब, सेक्रेटरी दादा आणि सगळे संचालक, नमस्कार.

माझी ठेव कर्जात वळती करा, मुदत वाढवा आणि जामीनदार बदला, असा अर्ज मी जुलैतच दिलाय. आवक शिक्का मारलेली झेरॉक्स माझ्या पर्समध्ये आहे, उघडून उघडून तिच्या घड्या फाटायला आल्यात. उत्तर नाही. दोनदा काउंटरला विचारलं तर "मीटिंगमध्ये ठेवतो ताई", तिसऱ्यांदा "ठेवला होता, चर्चा झाली नाही". आता रविवारी वार्षिक सभा आहे, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण लाजेपायी दोन वर्षं गप्प बसले आणि त्या गप्प बसण्याचं व्याज पण मीच भरलं.

आधीच सांगते, मला कर्जमाफी नकोय. एक रुपया सोडा असं मी म्हणत नाही. पूर्ण वाचा, मग काय ते बोला.

२०२३ च्या फेब्रुवारीत मी सहा लाख घेतले, १२ टक्के, ७२ हप्ते, हप्ता ११,७३०. जुनं थोडं बाकी होतं ते वळतं केलं, भागाचे (शेअर्सचे) कापले, हातात पाचच्या आसपास आले. ते मी टेंभीपाड्याला खोलीच्या हेवी डिपॉझिटला दिले. मुंबईत राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको, पाच लाख मालकाकडे ठेवायचे, भाडं शून्य, सोडताना पैसे परत. मी आणि मिस्टरांनी रात्री बसून हिशोब केला होता, दहा हजार भाडं देण्यापेक्षा पतपेढीचा हप्ता बरा, निदान शेवटी पाच लाख आपले राहतात. आजही मला तो हिशोब चुकीचा वाटत नाही. चुकलं ते पुढे. वर्षा-दीड वर्षात बिल्डिंग पुनर्विकासाला गेली, सगळ्यांना खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या, मालकाने दोन लाख हातावर ठेवले आणि बाकीचे तीन "बिल्डरकडून आले की देतो". वकिलाची नोटीस पाठवलीय, तो विषय वेगळा चाललाय. पण त्या दिवसापासून मी अकरा हजार भाडंही भरते आणि भाडं भरावं लागू नये म्हणून घेतलेल्या कर्जाचा हप्ताही भरते.

त्यात कंपनीने ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, बंद केली. कर्ज मंजूर करताना तुम्ही तीन महिन्यांच्या स्लिपा घेतल्या त्यात ओटी धरून ५२ हजार दिसत होते. आता ४३ येतात. ओटी म्हणजे काय कायमचा पगार नाही हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही, पण तेव्हा दोघांनाही ते सोयीचं होतं. माझीही चूक आहे, मान्य.

आता महिन्याचं सांगते. मागच्या महिन्यात कालनिर्णयचं जुनं पान उलटं करून मी पहिल्यांदाच सगळं एका जागी लिहिलं, तोपर्यंत प्रत्येक देणं वेगवेगळ्या कप्प्यात होतं, कार्डाचं मोबाईलमध्ये, सोन्याचं कपाटात, पतपेढीचं स्लिपवर. पीएफ वगैरे जाऊन ३८,६०० राहतात. त्यातून तुमचा हप्ता आणि हजार रुपये वर्गणी, म्हणजे १२,७३०. हातात येतात २५,८७०. मिस्टर कुरिअरचं करतात, साडेसोळा हजार धरा. त्यातून अकरा भाडं. क्रेडिट कार्डावर ८८ हजार आहेत त्याचं मिनिमम ४,४००. ॲपचं लोन, त्याचा हप्ता ४,९००. माझ्या पाटल्या गोल्ड लोनमध्ये आहेत, त्याचं नुसतं व्याज साडेअकराशे. भिशी तीन हजार, ती मध्येच सोडता येत नाही कारण उचल घेऊन झालीय. जे उरतं त्यात पाच माणसं, सासऱ्यांची औषधं, दोन पोरांची शाळा, गॅस, लाईट, ट्रेनचा पास. वीस-बावीस तारखेला ताण सुरू होतो, मग किराणा कार्डावर.

कार्डाचं पण ऐका. मिनिमम ४,४०० भरलं की माणसाला वाटतं आपण फेडतोय. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे ८८ हजारावर ३,०८०, त्यावर १८ टक्के जीएसटी साडेपाचशे. मुद्दलातून कमी झाले किती, तर ७६६ रुपये. आणि आधीची बाकी पूर्ण भरलेली नसली की नवीन घेतलेल्या तेलाच्या डब्यावर पण पहिल्या दिवसापासून व्याज, ते पन्नास दिवस फुकट वगैरे काही राहत नाही. हे मला कार्ड घेतल्यावर चार वर्षांनी कळलं. वर्षाचं ४२ टक्के होतं ते. आणि मी ते का वापरते? कारण तुमचे १२ टक्के वाले पैसे पगार हातात यायच्या आधीच कापले जातात.

हाच माझा मुद्दा आहे. अहवालाच्या पहिल्या पानावर तुम्ही अभिमानाने छापता, वसुली शंभर टक्के, थकबाकी शून्य, डिव्हिडंड ११ टक्के. टाळ्या वाजतात, मी पण वाजवल्यात. पण ही वसुली काही तुम्ही कर्जदार बघून निवडले म्हणून होत नाही. आम्ही सगळ्यांनी कर्ज घेताना सहकार कायद्याच्या कलम ४९ खाली संमतीपत्र दिलंय, त्यावर कंपनी पगारातून कापून तुम्हाला देते. तुमचा नंबर पहिला, दुधवाल्याचा नंतर. म्हणजे सभासद खड्ड्यात गेला तरी पतपेढीला पत्ता लागत नाही, तुमच्या रजिस्टरमध्ये मी एकदम गुणी बाई आहे. तुमची शंभर टक्के वसुली माझ्या क्रेडिट कार्डावर चालते साहेब. आणि पॅकिंगमधल्या निदान चार-पाच जणींचं असंच आहे, त्या बोलत नाहीत एवढंच.

कायद्याने तुम्ही चुकीचं करताय असं मी म्हणत नाही. १९३६ च्या पगाराच्या कायद्यात इतर कपाती ५० टक्क्यांवर थांबायच्या पण त्यात सहकारी सोसायटीचे पैसे असतील तर ७५ टक्क्यांपर्यंत कापायची मुभा होती, त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेत सगळं मिळून ५० लिहिलंय. माझी कपात चाळीस टक्क्यांना येते. बसते. पण कायद्याला माझं भाडं दिसत नाही आणि ॲपवाला दिसत नाही, तुम्हाला तर दिसू शकतं, तुम्ही त्याच कँटीनमध्ये जेवता.

माझे आजोबा लालबागला गिरणीत होते. ते सांगायचे पगाराच्या दिवशी पठाण काठी घेऊन गेटवर उभा असायचा, व्याजाचे पैसे घेतल्याशिवाय कामगाराला घरी सोडायचा नाही. आपल्यासारख्या नोकरदारांच्या पतपेढ्या कशासाठी, तर त्या पठाणाच्या हातातून सुटण्यासाठी, असं दर सभेत कोणीतरी भाषणात म्हणतंच. बरोबर आहे. पण पठाण निदान गेटच्या बाहेर उभा असायचा, पगार एकदा हातात तरी यायचा. राग आला असेल तर येऊ दे, मला हे बरेच दिवस बोलायचं होतं.

आता एप्रिलचं सांगते. सासूबाई हॉस्पिटलमध्ये, माझी रजा संपलेली, सतरा दिवस बिनपगारी झाले. पगारच एवढा कमी आला की हप्ता पूर्ण कापता आला नाही. तुम्ही मला एक फोन केला नाहीत. उरलेले सहा हजार थेट तात्यांच्या पगारातून कापलेत. तात्या म्हणजे माझे जामीनदार, मशीन शॉपचे, सगळे त्यांना तात्याच म्हणतात. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, १८७२ पासून कॉन्ट्रॅक्ट ॲक्टमध्ये तसंच आहे, सही करताना कोण वाचतं. तात्या मला एक शब्द बोलले नाहीत. दुपारी कँटीनमध्ये आले, समोर बसले, खिशातून त्यांची पगाराची स्लिप काढली, चार घड्या घातलेली, माझ्या ताटाच्या बाजूला ठेवली आणि आमटी भुरकायला लागले. मी ती उघडली. 'जामीन वसुली' असं लिहिलेलं. माझा घास तोंडात तसाच. तात्या म्हणाले, "जेव आधी. भात गार होतोय." मी दोन महिन्यांत त्यांचे पैसे परत केले, कुठून केले असतील? त्या ॲपवरून. तेच ते ४,९०० चं.

ॲपवाल्यांचं पण सांगते, कोणाला उपयोग होईल. एक हप्ता आठ दिवस लेट झाला तर सकाळी सव्वासातला फोन, रात्री नऊला फोन. मग मुलीने शोधून काढलं की रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही, आणि लोन ॲपने तुमच्या मोबाईलमधले कॉन्टॅक्ट उघडायचे नाहीत. मी पुढच्या फोनला एवढंच म्हटलं की तारीख वेळ लिहून ठेवलीय, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे टाकते. भाषा लगेच बदलली, मॅडम म्हणायला लागला. आता गंमत बघा, बाहेरच्या परक्या माणसाला हा नियम लागतो, आणि माझ्या स्वतःच्या पतपेढीला लागत नाही, कारण पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येतच नाही, आपल्यावर सहकार खातं. म्हणजे तक्रार करायची तर उपनिबंधकाकडे जायचं. मला जायचं नाहीये. मी २०१२ पासून सभासद आहे, घरातलं भांडण कोण बाहेर नेतं.

सेक्रेटरी दादांनी मला तोंडी एक मार्ग सुचवला होता, तो पण सांगते नाहीतर म्हणाल ताईंनी अर्धंच लिहिलं. नवं-जुनं करा म्हणाले. सात लाखाचं नवीन कर्ज, ८४ हप्ते, जुनं त्यातच बंद, हातात अडीच-तीन लाख सुटे, आणि हप्ता साधारण सहाशे रुपयांनीच वाढेल. हिशोबाने बघितलं तर हे मूर्खपणाचं नाही, ४२ टक्क्यांचं कार्ड १२ टक्क्यांच्या पैशाने फेडलं तर फायदाच आहे. दादांचा हेतू पण चांगला असेल. पण दादा, २०१९ ला मी हेच केलं होतं. दोनाचे साडेतीन केले, कार्ड शून्यावर आणलं, मिस्टरांनी श्रीखंड आणलं होतं त्या दिवशी. वर्षभरात कार्ड परत भरलं, कारण महिन्याचा ताण होता तिथेच होता, फक्त कर्ज मोठं झालं. आणि सात लाखाला तीन जामीनदार लागतात. तात्यांच्या स्लिपनंतर मी कोणाकडे तोंड घेऊन जाऊ?

माझं म्हणणं वेगळं आहे. माझे स्वतःचे १ लाख १४ हजार तुमच्याकडे सक्तीच्या ठेवीत पडून आहेत, वर्गणीचे साठलेले. त्यावर तुम्ही मला ६ टक्के देता आणि माझ्याच कर्जावर १२ घेता. म्हणजे माझेच पैसे मला परत भाड्याने देऊन वर्षाला ६,८४० रुपये तुम्ही कमावता, असं मी म्हणते, तुम्ही पोटनियम म्हणाल. माझी मुद्दल बाकी आज चार लाख, नेमकं सांगायचं तर ४ लाख ६०० च्या आसपास, बेचाळीस हप्ते राहिलेत. ती ठेव कर्जात वळती करा. राहिले २ लाख ८६ हजार. त्याला बेचाळीसच्या ऐवजी साठ हप्ते द्या. हप्ता येतो ६,३८० च्या आसपास. मुलीने दोनदा काढलंय, एकदा मोबाईलवर, एकदा वहीत.

तुमचं नुकसान किती? आजच्या हिशोबाने पुढच्या बेचाळीस महिन्यांत तुम्हाला माझ्याकडून व्याज मिळणार साधारण ९२ हजार. मी म्हणते तसं केलं तर साठ महिन्यांत मिळेल ९५-९६ हजार, शिवाय त्या ठेवीवरचं ६ टक्के तुम्हाला द्यावं लागणार नाही. माझे महिन्याला साडेपाच हजाराच्या जवळ सुटतात. ते मी कार्डावर टाकले, मिनिममच्या वर, तर वर्षभरात कार्ड संपतं. मग मी ते कार्ड कात्रीने कापून सेक्रेटरी दादांच्या टेबलावर आणून ठेवते, लेखी हवं असेल तर लेखी देते.

कार्डवाल्या बँकेशी पण बोलून झालं. ते सेटलमेंट देतो म्हणतात, थोडे पैसे माफ करून. मी नको म्हटलं, कारण तसं केलं की सिबिलमध्ये, म्हणजे कर्जाच्या नोंदीत, 'क्लोज्ड' येत नाही, 'सेटल्ड' येतं, आणि पुढे पोरीच्या शिक्षणाच्या कर्जाला मी सहकर्जदार म्हणून उभी राहीन तेव्हा ते दाखवतील. मला पूर्णच फेडायचंय. एकाने तर मला नादारीच जाहीर करायला सांगितलं, म्हणे मुंबईत त्याला अजून इंग्रजांचा १९०९ चा कायदा आहे, हायकोर्टात अर्ज करायचा. मी म्हटलं भाऊ, वकिलाची फी कुठून देऊ, त्यासाठी पतपेढीतून कर्ज काढू का.

मागच्या आठवड्यात एका संचालकांनी, नाव लिहीत नाही, जिन्यात मला सांगितलं की जास्त आवाज केला तर १०१ लागेल. मी वाचलंय ते. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधक वसुली दाखला देतात, त्यावर वर रिव्हिजनला (फेरतपासणीला) जायचं तर आधी वसुलीच्या ५० टक्के रक्कम भरावी लागते, आणि पुढे नियम १०७ ने जप्ती. भीती वाटते, नाही कशाला म्हणू. पण साहेब, १०१ थकबाकीदाराला लागतो. माझा एक हप्ता थकलेला नाही. तीसच्या तीस गेलेत, एप्रिलचा अर्धा तात्यांनी भरला म्हणून. जी बाई थकायच्या आधी येऊन सांगतेय की मी बुडायला लागलेय तिलाच तुम्ही जप्ती दाखवणार, मग थकल्याशिवाय कोणी तुमच्याकडे येणारच नाही.

आणि तात्या. ते मे मध्ये रिटायर होतायत. त्यांना आत्तापासून सांगून ठेवलंय की तुमच्या जामिनाचं कर्ज बाकी आहे, दुसरा जामीनदार येईपर्यंत पतपेढीचा ना-देय दाखला मिळणार नाही, आणि दाखला नसेल तर कंपनी हिशोब अडकवते. ग्रॅच्युइटीवर कोर्टाची सुद्धा जप्ती येत नाही, पीएफचंही तसंच. जे कोर्टाला जमत नाही ते आपण एक कागद अडवून करतोय. माझी ठेव आणि भाग धरले तर तात्यांच्या जामिनाची गरज तशीही अर्ध्यावर येते. त्यांना मोकळं करा. त्यांच्या जागी माझी वहिनी उभी राहायला तयार आहे, ती स्टोअरमध्ये आहे, कायम आहे, तिला मी सगळं, अगदी भिशीसकट, खरं सांगितलंय. हे जमलं नाही तर माझा हप्ता कमी करू नका एकवेळ, पण तात्यांचं करा.

पुढच्यांसाठी पण एक. स्लिपमधली ओटी धरून कर्ज देऊ नका, बेसिक आणि डीए वर द्या. आणि फॉर्ममध्ये 'इतर कर्जे' असा एक रकाना आहे, मी त्यात 'नाही' लिहिलं होतं आणि कोणी विचारलं नाही. कार्ड तेव्हाही होतं. खोटं मी लिहिलं, पण तो रकाना वाचायची सवय तुम्हालाही नाही.

रविवारी सभेच्या पत्रिकेत शेवटचा विषय आहे, अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय. तोपर्यंत हॉल रिकामा होतो हे मला माहितीय, समोसा आणि कुकरचं कूपन मिळालं की लोकं स्टेशनला पळतात, मी पण पळायची. ह्यावेळी मी बसणार आहे. अर्जाची दुसरी कॉपी शुक्रवारी लंच टाइममध्ये आणून देते, तिच्यावर पण शिक्का मारून द्या. ठेव वळती करायला, मुदत वाढवायला आणि जामीनदार बदलायला संचालक मंडळाचा ठराव लागतो असं काउंटरला सांगितलं, तर तो ठराव कधी घेणार त्याची तारीख मला सभेत सांगा. नकार असेल तर तोही लेखी द्या, कारण लिहून.

आपली,
पॅकिंगमधली एक सभासद

सभासद नंबर लिहीत नाही, सेक्रेटरी दादांना पाठ आहे.